एप्रिलमध्ये ड्रोसोफिलाचं कल्चर बसायलंय, आणि क्रॉसमध्ये लाल डोळ्यांचे नर कुठून आले?

झूलॉजी_परभणी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर या छोट्या फळमाशीचे दोन स्टॉक (पिढ्यानपिढ्या जपलेले वाण) चालू आहेत. एक ओरेगॉन-आर, म्हणजे नेहमीचे लाल डोळे, आणि दुसरा व्हाइट, म्हणजे पांढरे डोळे. होळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. आता दुपारी खोलीत 36 ते 38 अंश, कूलर लावला तर 31-32. बीओडी इनक्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारं कपाट, एकच आहे आणि तो मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे 37 अंशावर अडकलेला.

पहिली अडचण: माशा मरत नाहीत, मीडियावर (माशांच्या खाद्यावर) अंडी दिसतात, पण अळ्याच नाहीत. आठवडा उलटला तरी मीडिया गुळगुळीत, कुठं पोखरलेला नाही.

दुसरी: मार्चमध्ये व्हाइट मादी आणि ओरेगॉन-आर नर असा क्रॉस (संकर) लावला होता. तेव्हा खोलीत दिवसरात्र 28 ते 30 होतं. व्हर्जिन (मीलन न झालेल्या) माद्या कोषातून निघाल्यावर आठ तासांच्या आत गोळा केलेल्या, आई-बाप आठव्या दिवशी काढलेले, मॅन्युअलमध्ये आहे तसं. एफ-1 मध्ये, म्हणजे पहिल्या पिढीत, माद्या सगळ्या लाल आणि नर सगळे पांढरे यायला पाहिजेत. 148 माशांत 5 नर लाल डोळ्यांचे निघाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही. डोळ्यांच्या या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं हे मॉर्गननं दाखवलेलं. पोरं विचारायलीत, सर, मॉर्गनचं चुकलं का आपलं? नॉनडिसजंक्शन (अंडं तयार होताना गुणसूत्रं वेगळी न होणं) लिहून मोकळं व्हावं का?

तिसरी: मीडिया दोन दिवसांत काचेपासून सुटतो, माशा फटीत जाऊन अडकतात.

आणि यंदा न्यूरोबायोलॉजीचं एखादं प्रात्यक्षिक घालायचंय. महागडं यंत्र नको.

---

ओला_बल्ब

सर, पहिल्या अडचणीचं कारण नर आहेत. मेलॅनोगास्टर 30 अंशाच्या वर वाढला की नरांचे शुक्राणू नीट तयार होत नाहीत. माशी दिसायला ठणठणीत असते, मीलनही होतं, मादी अंडी घालते, पण अंडं फलित झालेलं नसतं. खात्री करायची तर एक दिवसाची अंडी डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बघा. 25 अंशाला अंडं 22 ते 24 तासांत फुटतं. दीड दिवसानंतरही अंडी भरीव, पांढरीशुभ्र राहिली तर ती फलितच नव्हती. फलित होऊन आतला गर्भ मेला असेल तर अंडं हळूहळू तपकिरी पडतं. या एका निरीक्षणावरून नर वांझ झालेत की अंडी उष्म्यानं मेलीत, ते कळतं.

उपाय तापमानाचाच. नर थंड जागी आणले तर बहुतेक वेळा काही दिवसांनी पुन्हा फलनक्षम होतात, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. असतील तेवढे कोष आणि अळ्या आधी थंड जागी हलवा, पुढची पिढी त्यातून धरा.

इनक्युबेटर नसेल तर जुना घरगुती फ्रिज आणि बाहेरून लावायचा डिजिटल तापमान नियंत्रक, एसटीसी-1000 सारखा. फ्रिजची वायर नियंत्रकातून घ्यायची. सेटिंग 24, फरक 1 अंश, कॉम्प्रेसर डिले किमान 3 मिनिटं, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर बसतो. प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका, पाणी भरलेल्या व्हायलमध्ये (माशा वाढवायच्या छोट्या काचेच्या नळीत) बुडवा. हवेत ठेवला तर दार उघडलं की आकडा उडतो आणि फ्रिज सारखा चालू-बंद होतो. मोकळ्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाइट गेली तरी तास-दोन तास तापमान टिकतं. भारनियमनाचं वेळापत्रक तुम्हाला मी सांगायला नको.

तेही जमत नसेल तर रांजण. मोठ्या रांजणात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात व्हायलचा रॅक, वर ओलं गोणपाट. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की 41 अंश आणि 15 टक्के आर्द्रता धरली तर ओल्या बल्बचं तापमान (बाष्पीभवनानं जास्तीत जास्त गाठता येणारा गारवा) 21 च्या आसपास येतं. मडकं तेवढं खाली जाणार नाही, पण 26-27 पर्यंत येतं, आणि वांझपणा टाळायला तेवढं पुष्कळ. वारा लागेल अशा सावलीत ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका. मृग लागला की हा जुगाड बंद. हवेतच ओल असली की बाष्पीभवन होत नाही. सुदैवानं तोवर खोलीही उतरलेली असते.

साध्या फ्रिजच्या 4 अंशात मात्र स्टॉक ठेवायचा नाही. दोन-चार तास चालेल, दोन-चार दिवस नाही.

---

गूळ_रवा_अगार

मीडियाचं मी सांगतो. मक्याच्या पिठाच्या पाककृती परदेशी मॅन्युअलमध्ये असतात. आपल्याकडे म्हैसूर पद्धतीचा गूळ-रवा मीडिया सोपा आणि स्वस्त पडतो. 1 लिटरला गूळ 100 ग्रॅम, रवा 100 ग्रॅम, अगार (जेलीसारखं घट्ट करणारी पूड) 10 ग्रॅम, बुरशी रोखायला प्रोपिऑनिक आम्ल 7.5 मिली. 25 मिमी व्यासाच्या व्हायलमध्ये 10 मिली ओतलं की 2 सेंमी थर होतो, म्हणजे लिटरमध्ये शंभराच्या आत-बाहेर व्हायल.

क्रम महत्त्वाचा. 700 मिली पाण्यात गूळ विरघळवून फडक्यातून गाळा. त्यात अगार टाकून उकळी आणा, अगारचा एकही कण दिसेनासा होईपर्यंत. रवा आधी टाकला तर घट्टपणामुळं अगार विरघळत नाही, तळाशी बसतो आणि अर्ध्या व्हायल पातळ राहतात. उरलेल्या 300 मिली गार पाण्यात रवा कालवून तो धारेनं सोडा, हात थांबवू नका. पिठल्यासारखे फदफद बुडबुडे यायला लागले की आणखी आठ-दहा मिनिटं शिजवून गॅस बंद.

आता थांबा. 60-65 अंशापर्यंत उतरू द्या, मगच प्रोपिऑनिक घाला. उकळत्यात घातलं तर बरंचसं वाफेबरोबर उडून जातं, बुरशी चौथ्या दिवशी हजर. शिवाय आम्लात उकळलं की अगार तुटतो आणि मीडिया धरत नाही. याच कारणानं उरलेला मीडिया पुन्हा तापवून वापरू नका. आणि फार वेळही थांबू नका, 40 च्या खाली अगार भांड्यातच बसतो. आम्ल हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून मोजा. वास नाकात बसतो आणि कातडी भाजते.

ओतलेल्या व्हायलवर मलमल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बोळे बसवा. बोळ्याला नॉन-अब्सॉर्बंट कापूस, मलमलीत गुंडाळलेला. ड्रेसिंगचा कापूस ओल शोषतो, मग बोळ्यालाच बुरशी येते. माशा सोडायच्या आधी वर कोरड्या यीस्टची चिमूट. ढीग नको.

काचेपासून सुटण्याचं कारण कोरडी हवा. एप्रिल-मेमध्ये अगार 8 ग्रॅमवर आणा, थर 3 सेंमी करा आणि व्हायलचा ट्रे झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, शेजारी ओला टॉवेल. डबा हवाबंद करू नका. श्रावणात उलटं: अगार 10-11, नाहीतर काचेवर पाणी सुटतं आणि माशा चिकटून मरतात. पावसाळ्यात बुरशी आवरत नसेल तर मिथाइल पॅराबेनचं 10 टक्के अल्कोहोलमधलं द्रावण लिटरला 10 मिली, तेही 65 च्या खाली उतरल्यावर. प्रोपिऑनिक वाढवत नेऊ नका, अळ्यांची वाढ मंदावते.

आता जे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही ते. धान्याला लावायची बोरिक पावडर माशांना विष आहे. घरून आणलेल्या पिठात, रव्यात ती असू शकते. बंद पाकिटातला रवा घ्या. गूळ काळसर घ्या. पिवळाधमक गूळ हायड्रोस नावाचं रसायन घालून उजळवलेला असतो. टेबलाच्या पायाला मुंग्यांचा खडू ओढू नका, आणि त्या खोलीत डासांची लिक्विड मशिनही नको. दोन्हींत पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं, मुंगी आणि डासाबरोबर माशीही जाते. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यावर थेंबभर गोडं तेल. डासही होत नाहीत.

---

पहिल्या_पायाचा_कंगवा

लाल नरांबद्दल. घाईनं नॉनडिसजंक्शन लिहू नका, तुमचेच आकडे विरोधात आहेत.

व्हाइट मादीत एक्स गुणसूत्रं वेगळी झाली नाहीत तर दोन प्रकारची अंडी निघतात: दोन एक्सची आणि एक्स नसलेली. पहिल्यापासून पांढऱ्या डोळ्यांच्या एक्सएक्सवाय माद्या, दुसऱ्यापासून बापाचा एक्स घेतलेले लाल नर. दोन्ही अपवाद बरोबर दिसायला पाहिजेत. तुमच्याकडे लाल नर 5 आणि पांढरी मादी शून्य. शिवाय साधं नॉनडिसजंक्शन साधारण दोन हजारांत एक असं घडतं, 148 त पाच नाही. मॉर्गनचा विद्यार्थी ब्रिजेसनं 1916 मध्ये हेच अपवाद धरून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं केलं, म्हणून पुस्तकात त्याला जागा मिळते आणि मुलांना ते सगळीकडं दिसायला लागतं. स्टॉकमध्येच एक्सएक्सवाय माद्या शिरल्या असतील तर प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, पण तेव्हाही पांढऱ्या माद्या दिसतीलच.

व्हर्जिनचा घोटाळा असता तर उलटं दिसलं असतं. माद्या आधीच व्हाइट नरांकडून फलित असत्या तर एफ-1 मध्ये पांढऱ्या माद्या आल्या असत्या. त्या नाहीत, म्हणजे यावेळी व्हर्जिन शुद्ध होत्या.

उरतात ते बाप. 25 अंशाला पहिली माशी दहाव्या दिवशी बाहेर येते, म्हणून आठव्या दिवशी आई-बाप काढायचे असं मॅन्युअल म्हणतं. 28-30 ला आठव्या दिवशीच पोरं बाहेर पडायला लागतात. तुम्ही झटकत होता तेव्हा व्हायलमध्ये दोन्ही पिढ्या होत्या. काही नवे बाहेर गेले, काही बाप आत राहिले. तुमचे पाच लाल नर बहुतेक ओरेगॉन-आर बापच आहेत. दिवस मोजण्याऐवजी खूण धरा: काचेवर पहिला कोष चढला की आई-बाप बाहेर. हा नियम 18 अंशाला पण चालतो आणि 29 ला पण.

हीच गोष्ट व्हर्जिनच्या वेळेची. आठ तास ही 25 अंशाची मुदत आहे. 18 ला ती 16 तासांपर्यंत ताणता येते, म्हणून संध्याकाळी व्हायल रिकामी करून रात्रभर 18 ला ठेवतात आणि सकाळी गोळा करतात. तापलेल्या खोलीत चार-पाच तासांच्या पुढं विश्वास ठेवू नका. माशा पहाटे-सकाळी जास्त निघतात, त्यामुळं सातला व्हायल रिकामी करून अकराला गोळा करा. पोटावर हिरवट-काळा ठिपका दिसणारी फिकट मादी हमखास व्हर्जिन. गोळा केलेल्या माद्या तीन दिवस नुसत्या ठेवा, अळ्या दिसल्या तर ती व्हायल बाद.

पोरांना तपासायला लावायचं असेल तर ते लाल नर एकेक करून तीन-तीन व्हाइट व्हर्जिन माद्यांबरोबर लावा. नॉनडिसजंक्शनच्या नरात वाय नसतो, म्हणून तो वांझ असतो; बाप असेल तर संतती येईल. पण हे 25 अंशालाच करा. सध्याच्या खोलीत धडधाकट नरही वांझ ठरेल आणि तुम्ही नॉनडिसजंक्शन सिद्ध झालं म्हणून टाळ्या वाजवाल.

नर ओळखताना रंगावर जाऊ नका. नुकताच निघालेला नर फिकट असतो, पोटाचं टोक काळं दिसत नाही. पुढच्या पायाच्या पहिल्या टार्सल खंडावर काळा कंगवा असतो, 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगात दिसतो. तोच धरा.

एफ-2 मध्ये, म्हणजे एफ-1 च्या माशा आपसात लावून मिळालेल्या पिढीत, 1:1:1:1 यायला पाहिजे. किमान 200 माशा मोजा आणि काय-स्क्वेअर (आकडे अपेक्षित गुणोत्तराशी जुळतात का, ते बघणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावा. समजा लाल माद्या 62, लाल नर 58, पांढऱ्या माद्या 49, पांढरे नर 43, एकूण 212. अपेक्षित प्रत्येकी 53. बेरीज 4.19 येते, 3 डिग्री ऑफ फ्रीडमला 5 टक्क्यांची सीमा 7.815, म्हणजे गुणोत्तर बसलं. पांढरे थोडे कमी येणं नवल नाही. व्हाइट माशा दाटीत मागं पडतात, म्हणून व्हायलमध्ये पाचपेक्षा जास्त जोड्या नकोत.

---

झूलॉजी_परभणी

आभारी आहे, पहिला कोष ही खूण वहीत घेतली. रांजण आजच आणायला सांगितला. एक उपप्रश्न: ओरेगॉन-आर बसलाच तर केळीवर बसणाऱ्या माशा पकडून जंगली नर म्हणून चालतील का? कृषी विद्यापीठाकडून फळमाशीचे सापळे मिळू शकतात.

---

पहिल्या_पायाचा_कंगवा

ते सापळे नकोत. मिथाइल युजेनॉलचे सापळे आंब्या-पेरूत अळी घालणाऱ्या बॅक्ट्रोसेराच्या नरांसाठी असतात, ड्रोसोफिला त्यात येत नाही. बाटलीत पिकलेलं केळं आणि यीस्टची चिमूट, तोंडाला कागदाचं नरसाळं, एवढं पुरे. पण पकडलेलं सगळं मेलॅनोगास्टर नसतं. डोक्यावर-पाठीवर चांदीसारखे पट्टे असले तर ती झॅप्रिओनस. नराचा कंगवा एकाच ओळीत न दिसता आडव्या अनेक ओळींत दिसला आणि पोटाचं टोक काळं नसलं तर ड्रोसोफिला अनानासी समजा. ती आपल्याकडे भरपूर. तिच्या नरापासून तुमच्या व्हाइट मादीला काही होणार नाही आणि तुम्ही पुन्हा उष्म्याला दोष द्याल. वर जंगली माशांबरोबर माइट (बारीक कोळीसारखे जीव) येतात, ते एकदा शिरले की सगळे स्टॉक जातात. आणल्याच तर वेगळ्या खोलीत ठेवा, दोन पिढ्या बघून मगच आत घ्या.

---

मशरूम_बॉडी

न्यूरोसाठी दोन सुचवतो, दोन्ही फुकटात.

एक, चढण्याची चाचणी. दोन रिकाम्या व्हायल तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा, तळापासून 8 सेंमीवर रेघ. आत एकाच वयाचे 10 नर. टेबलावर ठोकून सगळे खाली पाडा, 10 सेकंदांत रेघ किती ओलांडतात ते मोबाइलच्या व्हिडिओवर मोजा. मध्ये एक मिनिट विश्रांती, अशा पाच फेऱ्या, सरासरी घ्या. 3 दिवसांचे आणि 30 दिवसांचे नर ठेवले तर वयाचा फरक डोळ्यांना दिसतो. बिघडतं कुठं: ईथर किंवा कार्बन डायऑक्साइडनं बेशुद्ध केलेल्या माशा त्याच दिवशी वापरल्या तर (किमान 24 तास जाऊ द्या), एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी घेतला तर, व्हायल आतून चिकट असेल तर. तापमान दोन्ही गटांना एकच पाहिजे, गरम माशी जास्त चपळ असते. आणि व्हाइटची तुलना ओरेगॉन-आरशी करू नका. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यानं तिची दृष्टी बिघडलेली असते, शिवाय व्हाइट जनुकाचा मेंदूवरही परिणाम होतो. फरक कशाचा आला ते सांगता येणार नाही.

दोन, अळीचा वास. 9 सेंमीच्या पेट्री डिशमध्ये साधा अगार. एका कडेला गाळणकागदाच्या तुकड्यावर पातळ केलेलं इथाइल अ‍ॅसिटेट, समोरच्या कडेला तेवढंच नुसतं द्रावक. तिसऱ्या अवस्थेतल्या 50 अळ्या पाण्यात धुऊन मधोमध सोडा, झाकण लावा, 5 मिनिटांनी मोजा. वासाकडच्या वजा विरुद्ध बाजूच्या, भागिले दोन्हींची बेरीज. शून्याच्या आसपास आलं तर बहुधा अळ्या धुतल्या नव्हत्या किंवा काचेवर चढायच्या बेतातल्या घेतल्या. त्या खाणं सोडून भटकायला लागलेल्या असतात. वास तीव्र झाला तर अळ्या उलट पळतात, म्हणून दहापट-दहापट पातळ करत तीन तीव्रता घ्या. ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) माशीच्या वासाची आनुवंशिकी उभी केली ती अशाच साध्या चाचण्यांवर. आता त्या अळीच्या मेंदूच्या 3,016 न्यूरॉन्सचा जोडणी-नकाशा 2023 पासून उपलब्ध आहे. प्रौढ मादीचा 1,39,255 न्यूरॉन्सचा 2024 मध्ये आला. मुलांना वासाच्या न्यूरॉनपासून मशरूम बॉडीपर्यंतचा (मेंदूतल्या वास-स्मरणाच्या केंद्रापर्यंतचा) मार्ग संगणकावर दाखवता येतो.

तिसरं दाखवायला फार छान, पण आत्ता नाही. शिबिरे नावाचा तापमान-संवेदी म्युटंट: 30 अंशाच्या पाण्यात व्हायल धरली की मिनिट-दोन मिनिटांत सगळ्या माशा लुळ्या पडतात, 22 ला आणली की उठून चालायला लागतात. डायनामिन हे प्रथिन बिघडल्यानं सायनॅप्सच्या (न्यूरॉनच्या जोडांवरच्या) पुटिका परत घेतल्या जात नाहीत, निरोप थांबतो. तुमच्या खोलीत एप्रिलमध्ये त्या पार्सल उघडायच्या आधीच आडव्या असतील. डिसेंबरला ठेवा.

---

ओला_बल्ब

स्टॉक म्हैसूर विद्यापीठाच्या स्टॉक सेंटरकडून किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राकडून मागवायचा झाला तर पार्सल मेमध्ये पाठवायला सांगू नका. मालाच्या डब्यात दोन दिवस 45 अंश लागले की कोषसुद्धा वाचत नाहीत. जूनअखेरीस मागवा, आणि प्रौढ माशांऐवजी अळ्या-कोष असलेल्या व्हायल द्या म्हणावं. आल्याबरोबर दोन संच करा, एक 24 ला कामासाठी, एक 18 ला राखीव. 18 वाला तीन आठवड्यांनी बदलला तरी चालतो, म्हणजे दिवाळीच्या सुटीत कुणाला कॉलेजात यावं लागत नाही. दोन्ही संच एकाच फ्रिजमध्ये मात्र नकोत.